‘कू’ : शब्द, अर्थ आणि व्यवहार

राज्ययंत्रणेच्या आतल्याच मोजक्या माणसांनी, बळाच्या किंवा बळाच्या धाकाच्या जोरावर, प्रस्थापित सरकारला अचानक आणि बेकायदा बाजूला सारून सत्ता हाती घेणे, याला इंग्रजीत ‘कू’ म्हणतात. शब्दाचे पूर्ण रूप ‘कू देता’. तो फ्रेंचमधून जसाच्या तसा आला आहे. ‘कू’ म्हणजे फटका, घाव आणि ‘एता’ म्हणजे राज्यसंस्था. मागे जात राहिले तर लॅटिनमधून ग्रीक ‘कोलाफोस’पर्यंत, म्हणजे ठोशापर्यंत, पोचता येते. लिहिताना शेवटी ‘प’ असतो, पण तो उच्चारत नाहीत. मराठी वृत्तपत्रे याच घटनेला लष्करी उठाव, लष्करी बंड, सत्तापालट आणि हिंदीच्या वळणाने तख्तापालट अशी नावे देतात. यांतले एकही पुरते नेमके नाही. सत्तापालट निवडणुकीनेही होतो, आणि उठाव म्हटले की डोळ्यांसमोर रस्त्यावर आलेली जनता उभी राहते. कूमध्ये तर जनता बहुधा झोपेत असते.

इंग्रजीत ‘कू’ एकटा आला की तेथे राजकारणच असते, असे मात्र नाही. एखाद्याने अवघड गोष्ट अनपेक्षितपणे साधली तर त्याने ‘कू’ केला असे कौतुकाने म्हणतात. ‘कू द ग्रास’ म्हणजे तडफडणाऱ्याला संपवणारा शेवटचा घाव, ‘कू द मँ’ म्हणजे अचानक घातलेला छापा, ‘कू द तेआत्र’ म्हणजे नाटकातली अनपेक्षित कलाटणी. ब्रिजच्या पत्त्यांत ‘बाथ कू’ नावाची चाल आहे. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले आदिवासी योद्धे शत्रूला ठार न मारता नुसता हाताने किंवा काठीने स्पर्श करून परतत. हा मोठा पराक्रम मानला जाई, आणि त्याच्या मोजदादीलाही इंग्रजीत ‘कू’ हाच शब्द आहे. कंपनीच्या संचालकांनी एका बैठकीत अध्यक्षाला घालवले, तरी वृत्तपत्रे कूच म्हणतात.

राजकीय अर्थाचा प्रवास जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो जवळजवळ उलटा झाला आहे. गाब्रिएल नोदे या फ्रेंच ग्रंथपालाने १६३९ मध्ये ‘कू देता’वर एक पुस्तक लिहिले. त्याच्या लेखी कू करणारा होता स्वतः राजा. राज्याच्या हितासाठी नेहमीचे कायदे आणि नीतिनियम बाजूला ठेवून राजाने गुप्तपणे आखलेले आणि अचानक अमलात आणलेले कृत्य, असा त्याचा अर्थ. १५७२ मध्ये पॅरिसमध्ये झालेली प्रोटेस्टंटांची कत्तल नोदेने याच सदरात घातली. राज्यसंस्थेने मारलेला फटका राज्यसंस्थेवर मारलेला फटका झाला, तो पुढच्या दोन शतकांत. आणि त्याला मुख्यतः दोन बोनापार्ट कारणीभूत आहेत.

पहिला नेपोलियन. प्रजासत्ताकाच्या दिनदर्शिकेप्रमाणे १८ ब्रूमेर, म्हणजे ९ नोव्हेंबर १७९९ रोजी, कटाचा धाक दाखवून दोन्ही विधिमंडळे पॅरिसबाहेर सँ-क्लू येथे हलवण्यात आली. दुसऱ्या दिवशी नेपोलियन त्यांतल्या पाचशेंच्या सभेत शिरला, तेव्हा सभासदांनी त्याला घेरले आणि कायद्याबाहेर घोषित करण्याच्या आरोळ्या उठल्या. तो गांगरला. वेळ निभावून नेली त्याच्या भावाने. ल्यूसियां बोनापार्ट हा त्याच सभेचा अध्यक्ष होता. त्याने बाहेर येऊन सैनिकांना सांगितले की आत मूठभर माथेफिरूंनी सभेला ओलीस धरले आहे. मग सेनानी म्यूराच्या हाताखालच्या सैनिकांनी सभागृह रिकामे केले. त्या रात्री उरल्यासुरल्या सभासदांना गोळा करून नव्या व्यवस्थेचा ठराव मंजूर करून घेण्यात आला. बंदुका आधी आणि ठराव नंतर, पण ठराव हवाच, हा क्रम पुढे जगभर दिसतो.

दुसरा त्याचा पुतण्या, लुई-नेपोलियन. तो डिसेंबर १८४८ मध्ये रीतसर निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष होता, पण लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहायला घटनेने मनाई केली होती. ती बदलण्याइतके मतबळ त्याला मिळाले नाही. तेव्हा त्याने २ डिसेंबर १८५१ ही तारीख निवडली. काकाचा राज्याभिषेक आणि ऑस्टरलिट्झचा विजय या दोन्हींचा हा वर्धापनदिन. आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी नेहमीसारखा स्वागतसमारंभ झाला. पाहुणे पांगल्यावर जाहीरनाम्याचा मजकूर सरकारी छापखान्यात गेला. तो तुकडे करून जुळाऱ्यांना वाटण्यात आला, म्हणजे कोणाही एकाला पूर्ण अर्थ लागू नये, आणि खिळे जुळवणाऱ्यांवर पोलिसांचा पहारा बसला. पहाटे विरोधी पुढारी आणि सेनानी घरोघरी झोपेतून उठवून पकडले गेले. त्यांत तियेर, कावेन्याक आणि शांगार्निये होते. पॅरिस जागे झाले तेव्हा विधानसभा बरखास्त झाल्याचे कागद भिंतींवर चिकटवलेले होते. ४ डिसेंबरला रस्त्यांवर गोळीबार होऊन शेकडो माणसे मेली. मग सार्वमत घेण्यात आले, त्यात सुमारे ७४ लाख मते बाजूने पडली, आणि वर्षाने हाच राष्ट्राध्यक्ष सम्राट झाला. व्हिक्टर ह्यूगो देशोधडीला लागला. कार्ल मार्क्सने या घटनेवर जे लिहिले त्याच्या शीर्षकात काकाचा अठरावा ब्रूमेर मुद्दाम आणला. या दोन घटनांनंतर युरोपात ‘कू देता’चा अर्थ पक्का झाला.

प्रत्येक भाषेने स्वतःच्या अनुभवातून शेजारचे शब्दही घडवले. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘गोल्पे’, म्हणजे पुन्हा फटकाच. जर्मनमध्ये ‘पुच’ हा शब्द स्वित्झर्लंडमधून आला. १८३९ मध्ये झुरिकच्या उदारमतवादी सरकारविरुद्ध आसपासच्या खेड्यांतले लोक चालून गेले, तेव्हापासून तो पसरला. हिटलरच्या नोव्हेंबर १९२३ च्या म्युनिकमधील फसलेल्या प्रयत्नामुळे त्याला आज फसलेल्या, घाईच्या धाडसाचा वास येतो. स्पेनमध्ये एकोणिसाव्या शतकात ‘प्रोनुन्सियामिएंतो’ची रीतच पडली होती. एखादा अधिकारी आपल्या पलटणीपुढे घोषणा करी आणि इतर पलटणी सामील होतात की नाही याची वाट पाही. १ जानेवारी १८२० ची रिएगोची घोषणा त्यातली सर्वांत गाजलेली. ‘जुंटा’, मूळ स्पॅनिश उच्चार ‘हुंता’, याचा अर्थ नुसता मंडळ किंवा सभा. पण म्यानमारच्या बातम्यांतून तो मराठी वाचकाला सेनाधिकाऱ्यांची राजवट याच अर्थाने परिचयाचा झाला.

मराठी इतिहासाला हा व्यवहार अनोळखी नाही, नाव तेवढे वेगळे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून शिरलेल्या गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि रघुनाथराव गादीवर आले. रक्षकांकरवी आणि घरातल्याच हक्कदाराच्या फायद्यासाठी झालेला हा सरळसरळ राजवाड्यातला कू होता. काही महिन्यांत रघुनाथराव मोहिमेवर असताना सखारामबापू, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी नारायणरावांच्या गरोदर विधवेच्या, गंगाबाईंच्या, नावाने पुरंदरावरून कारभार सुरू केला, तो बारभाईंचा डाव म्हणजे त्याला दिलेला उलट फटका. एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवराव जन्मले. लक्षात घेण्याजोगे हे, की रघुनाथराव काय किंवा बारभाई काय, दोघांनीही पेशवाईची वस्त्रे सातारच्या छत्रपतींकडूनच आणवली.

कूच्या व्याख्येतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे ‘आतून’. एडवर्ड लुटवाक यांच्या १९६८ च्या गाजलेल्या पुस्तकाचा गाभा हाच आहे. राज्ययंत्रणेचा एक लहान पण मोक्याचा भाग ताब्यात घ्यायचा आणि त्याच्या मदतीने उरलेल्या यंत्रणेवरची सरकारची पकड सोडवायची. या कसोटीवर शेजारच्या गोष्टी वेगळ्या काढता येतात. क्रांतीत समाजाचा मोठा भाग उतरतो आणि समाजरचनाही बदलू पाहते. बंडात शिपाई पगारासाठी, वागणुकीसाठी हत्यार उचलतात. सत्तेची मागणी असेलच असे नाही. यादवीत देशाचे दोन तुकडे एकमेकांशी लढतात, आणि आक्रमणात फटका बाहेरून येतो. विधिमंडळातली फाटाफूट तर कूच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा फुटलेल्या गटाने ‘बंड’ नको, ‘उठाव’ म्हणा असा आग्रह धरला. या घटनांची नैतिक चर्चा कितीही तीव्र असो, त्या विधानसभेत, राजभवनात आणि न्यायालयात घडल्या. कोणाच्या दारात रणगाडा उभा राहिला नाही. अशा प्रसंगांना कू म्हणण्याची सवय लागली की खऱ्या कूसाठी भाषेत काही शिल्लक राहत नाही, आणि हा तोटा खराखुरा आहे.

सीमारेषेवरची उदाहरणे अर्थात आहेत, आणि त्यांतले एक गोव्याशी थेट जोडलेले आहे. पोर्तुगालमध्ये मे १९२६ च्या लष्करी कूतून जी हुकूमशाही उभी राहिली तिच्यात सालाझारचा उदय झाला, आणि त्याच राजवटीने १९६१ नंतरही गोव्यावरचा दावा सोडला नाही. ती संपवली मधल्या फळीतल्या सेनाधिकाऱ्यांनी, जे आफ्रिकेतल्या वसाहतींच्या न संपणाऱ्या युद्धांना विटले होते. २४ एप्रिल १९७४ च्या रात्री आकाशवाणीवर ठरलेले एक गाणे वाजले, मध्यरात्रीनंतर दुसरे; हे दोन इशारे मिळताच तुकड्या निघाल्या. पंतप्रधान मार्सेलो काएतानो लिस्बनमधल्या कार्मो येथील छावणीत लपले होते. कॅप्टन साल्गेरो माया यांनी ती वेढली, आणि संध्याकाळी काएतानो यांनी जनरल स्पिनोला यांच्या हाती सत्ता दिली. तोपर्यंत घरात थांबण्याचे आवाहन धुडकावून लिस्बनकर रस्त्यावर आले होते आणि सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुले खोवत होते. म्हणून सुरुवातीला शास्त्रशुद्ध कू असलेली ही घटना क्रांती म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत यशवंतराव चव्हाण आणि मारियु सोआरेस या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी सह्या केल्या आणि पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेलीवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. खुद्द गोव्यानेही लहान प्रमाणात कू पाहिला होता. १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हा गोमंतकीय माणूस वसाहतीचा प्रमुख झाला, आणि काही आठवड्यांतच तिथल्या लष्कराने उठून त्याला घालवले.

कू घडतो कसा, याचे उत्तर बंदुकांच्या संख्येत शोधणे चुकीचे ठरते. लष्करातला बहुतेक भाग सुरुवातीला कोणाच्याच बाजूने नसतो. प्रत्येक अधिकाऱ्याची पहिली चिंता असते ती हरणाऱ्या बाजूला सापडू नये ही, कारण तिथे फाशी किंवा तुरुंग असतो. नौनिहाल सिंग यांनी घानातल्या कूंमध्ये भाग घेतलेल्यांशी बोलून २०१४ मध्ये जे मांडले त्याचा आशय असा, की जिंकण्याची खात्री पटवणारा जिंकतो. म्हणून आकाशवाणी केंद्र पहिले, मग दूरदर्शन, विमानतळ आणि राष्ट्रप्रमुखाचे निवासस्थान. सकाळच्या बातम्यांआधी ‘सगळे आटोपले आहे’ असा शांत आवाज देशाला ऐकवता आला, तर ते खरेच आटोपते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते फसलेल्या प्रयत्नांत. २३ फेब्रुवारी १९८१ ला माद्रिदच्या संसदेत नव्या पंतप्रधानासाठी मतदान चालू होते. सायंकाळी ६ वाजून २३ मिनिटांनी लेफ्टनंट कर्नल अंतोनियो तेखेरो सुमारे २०० सिव्हिल गार्ड घेऊन सभागृहात घुसला आणि छताकडे गोळ्या झाडल्या गेल्या. सभासद बाकांखाली गेले. मावळते पंतप्रधान आदोल्फो सुआरेस आणि कम्युनिस्ट नेते सांतियागो कारियो जागचे हलले नाहीत. वृद्ध जनरल गुतिएरेस मेयादो उठून बंदूकधाऱ्यांना सामोरे गेले. तिकडे व्हॅलेन्सियात जनरल मिलान्स देल बोश याने रणगाडे रस्त्यावर आणले. बाकीचे सेनापती मात्र माद्रिदच्या राजवाड्याकडे पाहत होते, कारण कटवाल्यांनी राजाचे नाव पुढे केले होते. रात्री सव्वा वाजण्याच्या सुमारास राजे हुआन कार्लोस सरसेनापतीच्या गणवेशात दूरदर्शनवर आले आणि घटनेच्या बाजूने उभे राहिले. त्या क्षणी हिशेब फिरला. दुसऱ्या दिवशी दुपारी तेखेरो शरण आला. छतावरच्या गोळ्यांच्या खुणा अजून तशाच ठेवल्या आहेत.

ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हना क्रिमियात अडकवून सत्ता घेणाऱ्या समितीने दूरदर्शनवर बॅले लावून दिला, पण रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांना पकडले नाही. पत्रकार परिषदेत उपराष्ट्राध्यक्ष यानायेव्ह यांचे थरथरणारे हात देशाने पाहिले आणि येल्त्सिन रणगाड्यावर चढलेलेही पाहिले. तीन दिवसांत कू कोसळला. १५ जुलै २०१६ च्या रात्री तुर्कस्तानात सैनिकांनी सरकारी वाहिनीवर निवेदन वाचायला लावले, पण राष्ट्राध्यक्ष एर्दोगान एका खासगी वाहिनीच्या निवेदिकेच्या मोबाइलवर दिसले आणि त्यांनी लोकांना रस्त्यावर बोलावले. एकाच आवाजाची मक्तेदारी आता मिळत नाही, ही नव्या काळाची अडचण कटवाल्यांना तेथे नडली.

त्याच तुर्कस्तानाने कूचा एक सौम्य दिसणारा प्रकारही दाखवला आहे. १२ मार्च १९७१ ला सेनापतींनी फक्त एक निवेदन दिले आणि सरकारने राजीनामा दिला. परकीय हाताचे उदाहरण इराणचे. १९ ऑगस्ट १९५३ ला पंतप्रधान मोसाद्देक यांना घालवण्यात अमेरिकन आणि ब्रिटिश गुप्तहेर संस्थांचा हात होता. भाडोत्री सैनिकांचा प्रकार फारसा यशस्वी होत नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये माइक होअरचे लोक बिअर पिणाऱ्यांच्या मंडळाच्या वेषात सेशेल्सला उतरले, विमानतळावरच बिंग फुटले, आणि ते मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे विमान पळवून डर्बनला गेले. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमध्ये श्रीलंकेतल्या तमिळ बंदूकधाऱ्यांच्या साहाय्याने झालेला प्रयत्न आग्र्याहून गेलेल्या भारतीय छत्रीधारी सैनिकांनी मोडला.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे सत्तेवर असलेल्यानेच केलेला, लुई-नेपोलियनच्या घराण्यातला, स्वयंकृत कू. ५ एप्रिल १९९२ रोजी पेरूचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी लष्कराच्या पाठिंब्याने संसद बंद केली, तेव्हा ‘आउतोगोल्पे’ हा शब्द जगभर पोचला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला आणि सैनिक संसदेत पाठवले. काही सभासद कुंपणावरून चढून आत गेले, हजर असलेल्या १९० जणांनी एकमताने तो रद्द ठरवला आणि सहा तासांच्या आसपास सगळे मागे घ्यावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने युन यांना पदच्युत केले.

जोनाथन पॉवेल आणि क्लेटन थाइन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार १९५० ते २०१० या काळात जगात ४५७ प्रयत्न झाले आणि त्यांतले २२७ यशस्वी ठरले, म्हणजे जवळजवळ निम्मे. सत्ता निदान सात दिवस टिकली तर यश, अशी त्यांची कसोटी. त्यानंतर हा प्रकार मागे पडतो आहे असे वाटत असताना २०२० ते २०२३ मध्ये माली, गिनी, सुदान, बुर्किना फासो, नायजर आणि गॅबन येथे सेनाधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. मालीत आणि बुर्किना फासोत दोनदा. भारतात असे घडले नाही, याच्या कारणांची चर्चा मोठी आहे. त्यातले एक ठोस पाऊल म्हणजे १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनाम रद्द करून तिन्ही दलांचे प्रमुख समान पातळीवर आणले गेले.

पाकिस्तानात कूचा प्रश्न न्यायालयात पोचला आणि तेथेच त्याला आश्रय मिळाला. ऑक्टोबर १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी लष्करी कायदा लावला. सरन्यायाधीश मुनीर यांच्या न्यायालयाने डोसो खटल्यात, यशस्वी झालेली उलथापालथ स्वतःच नवा कायदा निर्माण करते, असा निर्णय दिला. तो २७ ऑक्टोबरला दिला गेला, आणि त्याच रात्री लष्करप्रमुख अयुब खान यांनी मिर्झांनाच घालवले. १९७२ मध्ये हा निर्णय उलटवण्यात आला, १९७३ च्या घटनेच्या सहाव्या कलमाने घटना उलथवणे हा राजद्रोह ठरवला. तरीही १९७७ मध्ये झियांना आणि २००० मध्ये मुशर्रफना न्यायालयाने ‘गरजे’च्या तत्त्वावर मान्यता दिली. पुढे मुशर्रफना याच कलमाखाली शिक्षा झाली, ती २००७ च्या आणीबाणीसाठी. १९९९ च्या कूसाठी नव्हे.

म्हणून कू करणारा कू हा शब्द कधीच वापरत नाही. तो ‘राष्ट्रसंरक्षण समिती’ म्हणतो, ‘पुनर्रचना’ म्हणतो. १५ नोव्हेंबर २०१७ च्या पहाटे झिम्बाब्वेच्या दूरदर्शनवर मेजर जनरल सिबुसिसो मोयो यांनी सांगितले की हा लष्करी ताबा नाही, राष्ट्राध्यक्षांभोवतीच्या गुन्हेगारांवर कारवाई आहे. राष्ट्राध्यक्ष मुगाबे आठवड्याभरात पायउतार झाले आणि तिथल्या उच्च न्यायालयाने लष्कराची कृती घटनासंमत ठरवली. हा केवळ लाजेचा प्रश्न नाही. आफ्रिकी देशांनी जुलै २००० मध्ये लोमे येथे घटनाबाह्य सत्तांतराविरुद्ध जाहीरनामा केला, आणि आफ्रिकी संघ अशा देशाचे सदस्यत्व स्थगित करतो. अमेरिकेच्या कायद्यानुसार लोकनियुक्त सरकार लष्करी कूने पाडले गेले तर त्या देशाची बरीचशी मदत थांबवावी लागते. ३ जुलै २०१३ ला इजिप्तमध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांना हटवले, तेव्हा वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलरची लष्करी मदत पणाला लागली होती. अमेरिकी सरकारने तो कू होता की नव्हता हे ठरवायचेच नाही असे ठरवले. नायजरमध्ये २६ जुलै २०२३ ला राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना त्यांच्याच रक्षकदलाने कोंडले. तेथे अमेरिकेचा लष्करी तळ होता. अमेरिकेने तो शब्द अधिकृतपणे उच्चारला १० ऑक्टोबरला.